राखेत सापडलेले तीन खडे

॥ श्री ॥
आष्टा,
१८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस,
आष्ट्याहून आईचे पोटभर आशीर्वाद. जावयांसबी सांगावे. आमी इकडं बरं हाय, तुमी शिरवळात बरं असशीला असं धरून लिवते.

फोन कर म्हणशील, पर माझ्या कानाचं तुला ठाऊक हाय. शेजारच्या शकिलाच्या फोनवर तू वरडतीस, सारी गल्ली ऐकती आन् मलाच तेवढं ऐकू येत न्हाई. ही गोष्ट गल्लीनं ऐकावी अशी न्हाई, म्हणून पत्र.

गेल्या बुधवारी दारात एक बाबा हुबा ऱ्हायला. डाळिंबाच्या सालीसारख्या रंगाचं वस्त्र, डोकं तासलेलं, डोळं बारीक. मागाय आला आसंल म्हणून मी सुपात जोंधळं घिऊन गेले. त्यानं जोंधळं घेतलं न्हाईत, माझ्याच पाया पडला. हिंदीत कायबाय बोलला, त्यातला मला एकच शब्द लागला, हंबीर. मग शकिलाला हाक मारली. तिनं माझ्या कानाशी तोंड लावून समदं मराठीत सांगितलं.

तुझा दादा पलटणीतनं पेन्शनीवर निघाला आन् घरी याचं सोडून लडाखात ज्या मठात जाऊन ऱ्हायला, तिथला हा लामा. नाव लोब्झंग. कर्नाटकात मुंडगोडला त्यांचा मोठा मठ हाय म्हणं, थंडीत तिकडं शिकाय निघाला हुता, वाटेत मिरजेला उतरून मुद्दाम आला. त्यानं एक लहान डबी दिली. आत कापसावर तीन खडं. मोहरीपेक्षा जरा मोठं, पांढरं, गुळगुळीत. हंबीररावाला अग्नी दिल्यावर राखेत हे सापडलं, असं म्हणाला.

मी इचारलं, आन् अस्थी कुठं हायत? तवा तो म्हणाला, त्या कुटून मातीत कालवल्या, त्या मातीच्या हाताएवढ्या लहान लहान मूर्ती ठोकल्या आन् डोंगराच्या कपारीत ठिवल्या. क्रांते, मी उठून आत गेले. माझ्या लेकराची हाडं कुटली. गेल्या जानेवारीत बर्फानं वाट बंद हुती, आपल्याला कळलं तवा समदं उरकलं हुतं, ते मी सोसलं. भाऊसो भावजींनी दर्भाचा पुतळा करून दहावं घातलं, तेबी बघितलं. पर हाडं कुटायची ही कुठली रीत?

दोन रात्री सोप्यात झोपला. जाताना डबी माझ्याकडंच ठिवून गेला. म्हणाला, हंबीरच्या नावानं आमी स्तूप बांधतोय, हे खडं त्यात ठिवायचं हायत, पर आमचं थोरलं लामा म्हणतात, त्याच्या आईला इचारल्याबगर झाकण लावू नका. संक्रांतीनंतर परतताना येतो, तवर तुमी ठरवा.

आता मी काय ठरवू? तू ये, न्हाई जमलं तर लिव.

तुझी माया कमी पडू दिऊ नको,
तुझी आई
राहीबाई

---

शिरवळ,
२५ नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
क्रांतीचा शि. सा. न. वि. वि. पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं, मग ह्यांना वाचून दाखवलं.

लगेच निघता येत नाही. कंपनीत औषधांची सरकारी तपासणी चालू आहे आणि गोळ्या तपासणाऱ्या आम्हा सगळ्यांच्या रजा बंद आहेत. नाताळात येते. तोवर डबी कुणाला देऊ नकोस. भाऊसो काकांना तर दाखवूच नकोस. ते वाईट नाहीत, पण त्यांना काही सांगितलं की ते आधी मुहूर्त बघतात.

मी मोबाईलवर पुष्कळ वाचलं. त्या खड्यांना तिकडं रिंगसेल म्हणतात. कुणी लिहितं, साधना पिकलेल्या माणसाच्या राखेतच ते सापडतात. कुणी लिहितं, उष्णतेनं हाडाचे असे गोळे होतात, त्यात विशेष काही नाही. एका ठिकाणी तर लिहिलं होतं की ते भक्ताच्या घरात आपोआप वाढतात. ते वाचून मी मोबाईल ठेवून दिला. मोजून मात्र ठेव, तीनचे चार झाले तर मला कळव. (रागावू नकोस, हसावं म्हणून लिहिलं.)

हाडं कुटली हे मलाही पटलं नाही. पण आई, आपण तरी काय करतो? सावडतो, मडक्यात घालतो, पाण्यात सोडतो. ती पुढं कुठं जातात ते आपण बघत नाही. त्यांनी मातीत घालून समोर ठेवली. कुठलं बरं, मला खरंच कळत नाही.

मला राग येतो तो दादाचा. आठ वर्षं तिथं राहिला, दिवाळीला एक फोन. इकडं तू लोकांना सांगायचीस की तो तिकडं सरकारी गोदामावर राखणदार आहे. आणि आता तो असा डबीतून आला, तेही मोठा साधू होऊन.

लोब्झंग आणखी काय बोलला ते शकिला मावशीला आठवून सांगायला लाव आणि मला लिही. त्या खड्यांचा त्यांच्यात नक्की अर्थ काय, हे मला त्यांच्या तोंडचं हवंय, मोबाईलचं नको.

जपून राहा. पत्राची वाट बघायला लावू नकोस.
तुझी,
क्रांती

---

॥ श्री ॥
आष्टा,
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. क्रांतीस,
आईचा आशीर्वाद, वरून एक टपली. तीनचं चार झालं का म्हणून इचारतीस. न्हाई झालं. रोज मोजते.

शकिलाला बसवून समदं परत इचारून घेतलं. तिला हिंदी येतंय, पर त्या लामाची हिंदी पलटणीतली, निम्मी हुकमाची. तिला जे लागलं ते असं. माणूस गेला की तो लगीच पुढच्या वाटंला लागतो, मागं ऱ्हायलेल्या हाडांशी त्याचं काय न्हाई. ती पाण्यात घाला न्हाईतर मातीत, त्याला काय फरक पडत न्हाई. मग मी म्हटलं हुतं, त्याला लागत न्हाईत तर स्तूप कशाला? तर म्हणाला, तो आपल्यासाठी. माणसानं त्याच्याभवती फिरावं, फिरताना मन जरा निवावं, आपलंबी असंच हुणार हाय ते ध्यानात यावं.

हे मला पटल्यासारखं वाटलं, पर रातीला परत गोंधळ झाला. पुढच्या वाटंला लागला म्हंजी कुठंतरी जलमला आसंल. साल हुत आलं. आता इष्ट्यांडावर कुणाच्या कडंवर पोर दिसलं की मी त्याच्या तोंडाकडं बघत ऱ्हाते. मीच म्हटलं हुतं लामाला, कुठं जलमला ते सांग, मी बघून येते. तो म्हणाला, थोरल्या लामांना हुडकतात, साध्या माणसांना न्हाई. मग मी धरलं त्याला. साधा हुता तर खडं कसं निघालं? तर बिचाऱ्यानं खरं सांगितलं. मठातबी ह्यावर भांडण हाय. हंबीर तिथं स्वैपाक करायचा. पोथी वाचता यायची न्हाई, मंत्र चुकायचा. काही जण म्हणतात, अशाच्या राखेत रिंगसेल निघत न्हाई, हे दुसरंच काय तरी हाय. काही म्हणतात, निघालं ते डोळ्यानं बघितलंय.

आता दुसरं ऐक. भावजींना कळलं. मी न्हाई सांगितलं, लामाला इष्ट्यांडावरनं घराची वाट त्यांनीच दावली हुती, मग इचारत आलं. डबी बघितली आन् खाली बसलं. म्हणाले, वयनी, पोराच्या अस्थी घरात ठिवून तुमी जेवता कशा? हरिपूरच्या संगमावर सोडल्याबगर त्याला गती न्हाई. हंबीरला कृष्णेत पवाय त्यांनीच शिकवलं, ते तुला ठाऊक हाय. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं.

त्यांच्या मागनं गल्ली आली. नारळ काय, ऊदबत्त्या काय. परवा एकीनं डबीवर हळदकुंकू वाहिलं, आन् सुनंला मूल हू दे म्हणून पदर पसरला. क्रांते, मला भ्या वाटलं. लोकाचा ऊस चोरून मार खाल्लेला पोरगा माझा. त्याच्यापुढं लोकांनी पदर पसरायचा? हळद पुसून काढली आन् डबी जोंधळ्याच्या कणगीत ठिवली. कणगीत ठिवली म्हणून परत वाईट वाटलं.

नाताळात नक्की ये. येताना माझ्या गुडघ्याचं तेल आण.
तुझ्या वाटंकडं डोळं लावून,
आई

---

शिरवळ,
६ जानेवारी २०२५

ती. आईस,
क्रांतीचा नमस्कार. सुखरूप पोचले. तू बांधून दिलेल्या गुळाला वाटेतच मुंग्या लागल्या, पण झटकून खाल्ला.

तू कापसात गुंडाळून दिलेला एक खडा इथं माझ्यासमोर आहे. तू म्हणालीस, तू शिकलेली आहेस, जवळ ठेवून नीट बघ आणि मला सांग काय ते. बघितला. कंपनीतलं भिंग आणून बघितला. आई, मला जे वाटलं ते तुझ्यापुढं तोंडानं बोलता आलं नाही. शंका तिथंच आली होती. आता लिहिते.

दादा पलटणीत असताना एकदा सुट्टीवर आला होता आणि माझ्याकडं राहिला होता, तेव्हाचं तुला माहीत आहे. रात्रभर कमरेला हात लावून घरभर फिरत होता. इथल्या डॉक्टरांनी मुतखडे सांगितले होते. पाच-सहा आहेत, बारीक आहेत, पाणी प्या, नाही पडले तर ऑपरेशन. मी आठवडाभर हुलग्याचं कढण करून पाजलं. तो रजा संपली म्हणून तसाच गेला. पुढं ऑपरेशन केलं की नाही, मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

आता कळलं ना मला काय वाटतंय? मी त्या डॉक्टरांना जाऊन भेटले. नाव सांगितलं नाही, नुसतं विचारलं. ते म्हणाले, असू शकेल, नसूही शकेल, आगीतून गेल्यावर खड्याचं काय होतं ते त्यांनी कधी पाहिलेलं नाही. इथं एका लॅबमध्ये मुतखडा तपासून देतात, तिथं द्या म्हणाले. पण तपासायचा तर तो कुटून पूड करावी लागते. परत मिळत नाही.

तेव्हापासून कापूस उघडते आणि परत गुंडाळते. हे दिव्य असेल तर मी ते कुटायला निघाले आहे. आणि मुतखडा असेल तर तिकडं लोक एका मुतखड्याभोवती स्तूप बांधणार आहेत, आणि ते मला माहीत असून मी गप्प बसणार आहे.

आमच्या पॅकिंगमधल्या बनुबाई बौद्ध आहेत, सहा डिसेंबरला दरवर्षी चैत्यभूमीवर जातात. मी त्यांना विचारलं, तुमच्यात अस्थींपुढं काय मागतात? त्या म्हणाल्या, आम्ही मागत नाही, चमत्कारही मानत नाही. बाबासाहेबांच्या अस्थी तिथं आहेत म्हणून जातो, उभं राहतो, ते कसे जगले ते आठवतो आणि येतो. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी विचारलं, तुमचे भाऊ कसे जगले? आई, मला त्याचं पलटणीपर्यंतचंच माहीत आहे.

लोब्झंगला हे मुतखड्याचं सांगायचं का? तू म्हणशील तसं. खडा तपासायला देऊ का, तेही तूच सांग. मला काही सुचत नाही.

रागावली असलीस तरी दोन ओळी टाक.
तुझी,
क्रांती

---

॥ श्री ॥
आष्टा,
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. क्रांतीस,
आईचा आशीर्वाद. रागावले न्हाई. पत्र वाचून दिसभर चूल पेटवली न्हाई एवढंच. मुतखड्याचा इचार माझ्याबी मनात यायला पायजे हुता, आला न्हाई.

लोब्झंग चार दिसांमागं आला. जेवला, मग मी शकिलाला म्हटलं, सांग त्याला समदं. ती बया लाजली, मुतखड्याला हिंदीत काय म्हणू म्हणाली. पथरी म्हणाली शेवटी. त्या लामानं डबी उघडून खडं बघितलं, परत झाकलं. मला वाटलं उठून जातोय आता. तर म्हणाला, हंबीर चुलीपुढं बसला की एक हात कमरेला असायचा. इचारलं तर थंडीनं धरलंय म्हणायचा. आमाला वाटायचं, खालच्या मुलखातला माणूस, थंडी सोसत न्हाई. मग म्हणाला, अम्मा, पता नहीं. एवढं मला शकिलानं न सांगता कळलं.

मी म्हटलं, आता स्तुपात ठिवणार का न्हाई? तर म्हणाला, थोरल्या लामांना मी जसंच्या तसं सांगीन. पर जे हंबीरच्या हातचं जेवलेत ते मागं हटणार न्हाईत. खडं कसलंबी असोत, त्यांना हंबीरपाशी हुबं ऱ्हायला एक जागा पायजे.

मग त्यानं त्याचं तिथलं सांगितलं. तुझ्या त्या बनुबाईंना सांग. पहाटं समद्यांच्या आदी उठून बर्फ वितळवून पाणी करायचा. सातूच्या पिठाची भाकरी थापायचा, ती मोडायची, तरी थापायचा. थोरल्या लामांचं दात पडलं तवा त्यांच्यासाठी येगळं पातळ पिठलं करायचा. मंत्र चुकला की पोरं हसायची, तोबी हसायचा. मी इचारलं, आईची आठवण काढायचा का? लामा म्हणाला, बोलायचा न्हाई, पर पिठलं ढवळताना त्याच्या भाषेत गुणगुणायचा, ते आमाला कळायचं न्हाई.

दुसऱ्या दिवशी भावजींनी संगमावर न्यायचं ठरवलंच हुतं. भटजी सांगून ठिवलेलं. मी म्हटलं, भावजी, दोन हायत त्यातला एक तुमी सोडा, एक लामा नेऊ दे. तुमचाबी हक्क हाय. लामालाबी बरोबर घेतलं. भावजी कमरंएवढ्या पाण्यात गेलं. भटजींनी मंत्र म्हटला, सोडा म्हणाले. भावजींनी मूठ पाण्यात धरली. भटजींनी परत सांगितलं. भावजी हुबंच. मला वाटलं, पाय गाळात रुतला का काय. मग माघारी फिरलं, ओल्या अंगानं वर आलं आन् खडा माझ्या तळहातावर ठिवला. म्हणाले, वयनी, लय बारीक हाय. पाण्यात दिसंनासा हुईल. आन् पायरीवर बसून रडलं. दहाव्याला रडले नव्हते.

लामा तिथंच पाण्यात पाय सोडून बसला हुता. एवढ्या रुंद नदीत त्यानं कधी पाय घातला नव्हता. त्यानं उठून भावजींच्या खांद्यावर आपलं वस्त्र टाकलं.

दोन्ही खडं मी लामाकडं दिलं. म्हटलं, ठेव तुझ्या स्तुपात, माझी हरकत न्हाई. काल भावजी त्याला मिरजेला गाडीत बसवून आले.

तुझ्याकडच्या खड्याचं मी काय सांगू? तपासून तुला बरं वाटणार आसंल तर तपास. मला कळाय पायजे असं वाटतंय आन् कळू नये असंबी वाटतंय. हंबीर तुझ्याकडंच दुखणं घिऊन आला हुता, माझ्याकडं न्हाई. तवा त्याचं तूच ठरव.

काय केलंस ते मात्र कळव, लपवू नको.
तुझी,
आई

---

शिरवळ,
१७ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,
क्रांतीचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र वाचून भाऊसो काकांना फोन केला. खडा, नदी, काही बोलले नाहीत. उसाला तोड कधी मिळणार तेच सांगत राहिले. मीही ऐकत राहिले.

शनिवारी खडा घेऊन त्या लॅबमध्ये गेले. जाताना ठरवून गेले होते. खरं काय ते कळलं पाहिजे, नाहीतर मी लोब्झंगलाही फसवतेय आणि स्वतःलाही, असं वाटत होतं. रांगेत उभी राहिले. खिडकीवर नूरीन नावाची मुलगी बसते, बोलायला चांगली आहे. तिनं कागदाची पुडी उघडून बघितली आणि म्हणाली, बराच गुळगुळीत आहे, पडला का ऑपरेशननं काढला? मी म्हटलं, निघाला. तिनं पेशंटचं नाव विचारलं. मी सांगितलं, हंबीरराव. वय विचारलं. तिथं मी अडखळले. कुठलं सांगू, गेला तेव्हाचं की आज असता तेवढं? मी गेला तेव्हाचं सांगितलं. तिनं ते टाईप केलं आणि वर न बघता विचारलं, त्रास अजून होतो का?

आई, मी म्हटलं, नाही, आता होत नाही.

ती म्हणाली, मग बरं झालं. आणि पुडीकडं हात केला. माझ्या हातून ती तिला दिली गेली नाही. मी म्हटलं, राहू दे, तपासायला नको. ती म्हणाली, त्रास नाही तर तशी गरजही नाही. मी पुडी पर्समध्ये ठेवली आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. रिक्षावाला विचारत होता, ताई, कुठं जायचं. त्याला दोनदा नाही म्हटलं.

तो खडा कसला आहे ते मला माहीत नाही. आता कधी कळणारही नाही. लोब्झंगचा नंबर शकिला मावशीकडून घेतला आणि त्याला फोन लावला. तपासला नाही, हे सांगितलं. तो म्हणाला, थोरल्या लामांना त्यानं पथरीचं सगळं सांगितलं आहे. ऐकून ते म्हणाले, म्हणजे आपण त्याला रोज पाणी उचलायला लावत होतो. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः स्वयंपाकघरात येऊन बसतात. स्तुपाचं झाकण अजून लावलेलं नाही, थंडीत मातीचा गिलावा धरत नाही, जूनमध्ये लावतील.

मी जूनमध्ये रजा टाकली आहे. ह्यांनी दिल्लीपर्यंतची तुझी-माझी तिकिटं बघून ठेवलीत, पुढं विमान. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, तिथं चढ नाही असं मी लोब्झंगला विचारून घेतलंय. (थोडा आहे.) हा खडा तुझ्या हातानं ठेव किंवा नको ठेवूस, तिथं गेल्यावर बघू. मला एवढंच हवंय की ज्या चुलीपुढं तो कमरेला हात लावून बसायचा, ती आपण दोघींनी बघावी.

भाऊसो काका येतो म्हणाले तर तिसरं तिकीट काढते. तूच विचार त्यांना, माझ्यापाशी ते उसाचंच बोलतील.

आजवर धरलास तसाच जीव धरून असावीस,
तुझी,
क्रांती